सेवाग्रामच्या कुट्या तक्त्यात मावत नाहीत

महोदय,

वारसास्थळांच्या नोंदीचा नेहमीचा तक्ता (बांधकामाचे साल, शैली, मूळ साहित्य किती शिल्लक) सेवाग्राम आश्रमाला लावला, तर आश्रम नापास होईल. मातीची भिंत पुन्हापुन्हा लिंपावी लागते, छपरावरचे कवेलू (कौले) बदलावे लागतात, वाळवी लागलेला बांबू काढावा लागतो. त्यात १९३६ सालचे उरणार किती? आणि ‘मूळ’ तरी कोणते? बापूकुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबहनची झोपडी होती, गांधीजी राहायला आल्यावर ती वाढली. आखरी निवास जमनालाल बजाज यांच्यासाठी बांधलेला; त्यात १९४६ साली गांधीजी राहिले. म्हणून एकेका कुटीला एकेक साल चिकटवू नये. १९३६ ते १९४६ या काळात कोणती भर कधी, कुणासाठी पडली, ते नकाशावर थराथराने दाखवावे.

मोजायचे ते अंतर. परचुरे कुटीच्या लांबी-रुंदीतून काही कळत नाही. ती बापूकुटीच्या किती जवळ आहे ते मोजले, की कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना आश्रमात कुठे जागा मिळाली हे कळते.

सर्वांत नाजूक आहेत ती मीराबहनने भिंतीवर उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा. प्रत्येक पोतेऱ्याने अशा उठावाच्या कडा थोड्या बुजतात. दिवा भिंतीलगत तिरका धरून फोटो घ्यावेत, उठाव मिलिमीटरमध्ये मोजावा, पोतेऱ्याआधी आणि नंतरही.

भिंतींची तपासणी पायथ्याच्या दीड फुटापासून करावी. तिथे कुणी सिमेंटचा हात फिरवला असेल, तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. आत ओल कोंडते, माती मऊ पडते, आणि गिलावा सुटतो तो भिंतीची माती घेऊनच. डागडुजीला शेतातली काळी माती नको. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला पांढरीच लागते. अंगणाकडेही बघावे. मुरूम टाकटाकून अंगण चढले, की जोते बुडते. पेव्हर ब्लॉक तर नकोतच, पागोळ्यांचे पाणी त्यावरून उसळून थेट भिंतीवर येते. (पर्यटकांचे पाय स्वच्छ राहतात, एवढे खरे.)

नोंद मे महिन्यात, शाकारणीच्या वेळी घ्यावी. कवेलू उतरलेले असताना वासे आणि बांबूंचे जोड उघडे दिसतात. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर आणखी एक फेरी मारून ओल कुठवर चढली त्याची खूण करावी.

— मातीच्या घरांचे एक अभ्यासक, वर्धा