नऊ आमदार आणि एक पूरक प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी, मध्य प्रदेश विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांची बातमी वाचली. शोधून वाचली. तरी आपण ती छापलीत, त्याबद्दल आभार. मेट्रोवर किती खर्च झाला, सिटी बसला किती पैसे दिले, बीआरटीएसचं, म्हणजे बससाठीच्या खास मार्गिकेचं, काय झालं, असे रोकडे प्रश्न होते. उत्तरादाखल कोटींचे आकडे, आणि जिथे आकडा अडचणीचा तिथे ते ठरलेलं वाक्य : 'जानकारी एकत्रित की जा रही है.' ही जानकारी मी नोकरीत होतो तेव्हापासून एकत्रित होते आहे. मी रिटायर झालो, ती अजून ड्यूटीवर आहे.

पण माझा राग उत्तर देणाऱ्यांवर नाही. सरकार कोणाचंही असो, टाळणारच. राग आहे तो न विचारणाऱ्यांवर. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा, आणि २०२३ मध्ये नऊच्या नऊ भाजपला गेल्या. त्यातले दोघे मंत्री, कैलाशजी विजयवर्गीय आणि तुलसीजी सिलावट. नगरविकास खातं विजयवर्गीयांकडेच, म्हणजे मेट्रोवर प्रश्न आला तर उत्तर देणारा इंदूरचाच. जिल्ह्याचे प्रभारी मंत्री खुद्द मुख्यमंत्री मोहन यादव, तेही शेजारच्या उज्जैनचे. सगळे घरचेच. मग इंदूरच्या बसबद्दल सभागृहात उभं राहायचं कोणी? विरोधी पक्षनेते उमंग सिंघार धार जिल्ह्यातल्या गंधवानीचे. ते विचारतील, नाही असं नाही, पण आमच्या स्टँडवर रात्री काय होतं ते त्यांनी का म्हणून सांगावं? आम्ही निवडून दिलेल्यांनी तेवढा वेळ काय करायचं?

सत्ताधारी आमदाराला प्रश्न विचारायची बंदी आहे असा काहींचा समज दिसतो. तशी बंदी नाही. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न लावता येतो, ध्यानाकर्षण (आपल्याकडची लक्षवेधी) देता येतं, आणि मंत्र्याचं उत्तर झालं की पूरक प्रश्न विचारता येतो. खरी मजा त्या पूरक प्रश्नातच. मूळ उत्तर खात्यातून टाइप होऊन येतं, मंत्र्याला फक्त वाचायचं असतं. पूरकाला मात्र कागद खाली ठेवून बोलावं लागतं. अर्थात त्यासाठी आधी अधिवेशन चालायला हवं. २०२४ चं पावसाळी अधिवेशन १ जुलैला सुरू झालं, १९ तारखेपर्यंत चालायचं होतं, ५ तारखेला गुंडाळलं. आमच्याकडचं गणेशोत्सवाचं बौद्धिकसुद्धा याहून जास्त दिवस चालतं, आणि तिथे प्रश्नही विचारतात.

आता माझं सांगतो. माझी मोठी बहीण हरद्याला असते. पंचाहत्तरीची आहे, गुडघे गेलेत, पण सण म्हटला की हातात पिशवी घेऊन निघालीच. हरद्याहून इंदूरला यायचं म्हणजे नेमावर, खातेगाव, कन्नौद करत बसनंच यायचं. पूर्वी ती शहरातल्या नवलख्याच्या स्टँडवर उतरायची आणि नगर सेवेत किंवा टेम्पोत बसून, कोणालाही फोन न करता, दारात उभी राहायची. आता गाडी थांबते नायता मुंडल्याला. स्टँड नवा आहे, ऐसपैस आहे, नावही इंटरस्टेट. फक्त तो जिथे आहे तिथून इंदूर पुढे कधीतरी लागतं.

यंदा तिची गाडी वाटेत रखडली आणि उतरता उतरता रात्र झाली. शहरात यायला बस नाही. बस कधी येईल ते सांगणाराही कोणी नाही. रिक्षावाल्यानं जे पैसे मागितले ते हरदा ते इंदूर तिकिटाहून जास्त! बाई हिशेबाची पक्की. तिनं सरळ नकार दिला आणि बाकावर बसून मला फोन लावला, "अरे, मी उतरले ते इंदूरच ना रे?" मी भाच्याला घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा ही बाई आणखी दोन बायकांना आणि एका कॉलेजच्या मुलीला जमवून बसली होती आणि डब्यातल्या दशम्या वाटत होती. मुलगी बडवानीची. परीक्षेला आली होती, भंवरकुआला मैत्रिणीच्या खोलीवर जायचं होतं, आणि एकटीनं रिक्षात बसायची तिची हिंमत होत नव्हती. मुलीला भाच्यानं स्कूटरवर सोडलं. त्या दोघी, ताई आणि मी एका रिक्षात अंग चोरून बसलो आणि घरोघर सोडत आलो. रिक्षावाल्यानं चार सवाऱ्यांचे पैसे घेतले आणि वरून, "भिया, यहाँ तक तो कोई आता ही नहीं," हे ऐकवलं. त्याचंही खरंच आहे. त्याला रिकामं परतावं लागतं.

दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज लिहिला. कोणत्या गाड्या किती वाजता येतात, शेवटची सिटी बस किती वाजता असावी, ती कुठून कुठे जावी, सगळं सुवाच्य अक्षरात. आमच्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिला (नाव लिहीत नाही, या वयात भांडणं नकोत). तिथल्या मुलानं अर्जाचा मोबाइलवर फोटो काढला, अर्ज मला परत केला आणि म्हणाला, "अंकल, भैया तक पहुँच गया समझो." मी विचारलं, विधानसभेत हा प्रश्न लावता येईल का? तो हसला. वाईट हसला नाही, आजोबांना हसतात तसं हसला. पुढे एक संदेश आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. कोणाचं झालं ते कळवलेलं नाही.

आता परवाची बातमी पुन्हा वाचा. कोटी विचारले की कोटी मिळतात. उद्या कोणी विचारलं की बसस्टँडवर किती खर्च झाला, तर रक्कम सांगतील, ती खरीही असेल, आणि सदस्य 'धन्यवाद अध्यक्ष महोदय' म्हणून खाली बसतील. रात्री नऊनंतर तिथून शहरात यायला किती बस आहेत, एवढाच पूरक प्रश्न कोणीतरी विचारावा. याला 'जानकारी एकत्रित' करायला लागत नाही. स्टँडवर उभं राहिलं की पुरे.

बीआरटीएसचंच घ्या. २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी साडेअकरा किलोमीटरची ती खास मार्गिका सुरू झाली. केंद्राच्या नेहरू शहरी अभियानाचा पैसा तिच्यात होता. तेव्हा ती किती चांगली हे आम्हाला समजावून सांगितलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढायची म्हणून जाहीर केलं, २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, आणि ती किती वाईट हे आम्हाला समजावून सांगितलं. मग तोडायला ठेकेदार मिळेना! त्या मार्गिकेतून धावणाऱ्या आयबसचा मी नेमानं बसणारा. एसी गाडी, सिग्नलला न अडकता गीता भवनहून विजय नगरला सोडायची, त्या रेलिंगच्या आतून. मोटारवाल्यांना तिचा राग होता, कारण त्यांची गाडी उभी असायची आणि आमची चालत असायची. ठीक आहे, वाईट होती तर बांधली कोणी, आणि चांगली होती तर तोडली कोणी? दोन्हीपैकी एका खर्चाचा तरी जाब सभागृहात कोणीतरी मागायला नको का? आता तिथेच एलआयजी चौक ते नवलखा उड्डाण मार्गाच्या गोष्टी चालू आहेत. तो किती वर्षांनी तोडायचा, तेही आत्ताच ठरवून टाका म्हणजे पुढच्यांना त्रास नाही.

मेट्रोबद्दल मी फारसं बोलणार नाही, कारण मी तिच्यात हौसेनं बसून आलो आणि गाडी सुरेख आहे. २०१८ मध्ये ७५०० कोटींची मंजुरी, २०१९ मध्ये भूमिपूजन, आणि ३१ मे २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली ती सुमारे सहा किलोमीटर. स्टेशनांना नावं दिली अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई. पाच शूर स्त्रिया सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्यावर मोकळ्या वाऱ्यात उभ्या, आणि प्रवाशांची वाट पाहताहेत. पहिला आठवडा फुकट होती तेव्हा अख्खं शहर मुलाबाळांसकट बसून आलं, फोटो काढले, आणि घरी परतलं ते पुन्हा न जाण्यासाठी. जायचं तरी कुठे? राजवाड्यापर्यंत ती वरून यायची की जमिनीखालून, यावर भूमिपूजनाला इतकी वर्षं झाल्यावर चर्चा! हे आधी ठरवायचं असतं, असं मला वाटत होतं.

आणि ज्या राज्यानं आपलं परिवहन महामंडळ २००५ मध्ये मोडीत काढायचं ठरवलं, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा मंजूर केली. म्हणजे वीस वर्षांनी लक्षात आलं की खेड्यातल्या माणसालाही कुठेतरी जायचं असतं. गाड्या मात्र खाजगी मालकांच्याच, वर देखरेखीला सरकारी कंपनी. पाहू या. स्टँडवरूनच आठवलं, इंदूरच्या नवीन पिढीला सरवटे म्हणजे फक्त बसस्टँड माहीत. तात्यासाहेब सरवटे संविधान सभेत बसलेले गृहस्थ, आणि तिथे नुसते गप्प बसायला गेले नव्हते, एवढं त्यांच्या नावाच्या पाटीखालून जाणाऱ्या आमदारांना कोणीतरी सांगायला हवं.

विषय निघालाच आहे तर इंदूर-मनमाड रेल्वेचंही लिहितो. ते दिल्लीचं काम, आमदारांचं नाही, हे मला ठाऊक आहे. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटर आणि १८ हजार ३६ कोटींना मंजुरी दिली, तेव्हा आपल्या पेपरानं पहिल्या पानावर पेढे वाटतानाचा फोटो छापला. त्यानंतर किती जमीन घेतली, कुठे माती पडली, याची एक ओळ वाचायला मिळत नाही. आम्हा मराठी माणसांना नाशिककडे जायला अजून तीच रात्रीची स्लीपर बस, तोच धाब्यावरचा अर्धा तास. आपले वार्ताहर पेढ्यांना हजर असतात, तसे मातीलाही पाठवत जा.

आठव्यांदा स्वच्छतेत पहिले आलो त्याचा मलाही अभिमान आहे. उगाच 'इंदूरची बदनामी' म्हणून कोणी उत्तर पाठवू नये, आणि पाठवलंच तर त्यानं आधी एकदा रात्री नऊनंतर नायता मुंडल्याला उतरून पाहावं.

पत्र लांबलंय. जागेअभावी काटछाट करणार असाल तर मेट्रोचा भाग कापा, स्टँडचा कापू नका. ताई पुढच्या महिन्यात पुन्हा येते आहे. छापल्यास एक प्रत हरद्याच्या पत्त्यावर पाठवावी, तिकडे आपला पेपर मिळत नाही. पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, इंदूर