मांडीचे हाड मोडल्यानंतरचे तीन दिवस

संपादक महोदय,

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरून मांडीचे हाड मोडले, की घरच्यांचे लक्ष ऑपरेशन आणि बिलाकडे लागते. खरा धोका बहुधा 24 ते 72 तासांत डोके वर काढतो. मोडलेल्या हाडाच्या मज्जेतील (आतल्या मऊ गरातील) चरबीचे थेंब शिरांवाटे फुप्फुसात अडकतात, काही मेंदूपर्यंत पोचतात. धाप लागते, डोक्याला मार नसतानाही रुग्ण बरळतो, काखेत व छातीवर बारीक लाल ठिपके उठतात. ठिपके सगळ्यांना येत नाहीत. त्यांची वाट पाहू नये. रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेला तरी डॉक्टरांना लगेच सांगावे. ही चरबी विरघळवणारे औषध नाही. ऑक्सिजन, प्रसंगी व्हेंटिलेटर, एवढाच आधार. म्हणून पाय जागीच फळीला बांधावा, 108 ला फोन करावा. रिक्षात पाय दुमडून नेऊ नये. हाड लवकर स्थिर करणेही तितकेच गरजेचे.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा; तिचे वेळापत्रक निराळे. ती पायाच्या शिरेत धरते आणि बरेचदा आठवड्यानंतर, रुग्ण घरी गेल्यावर, तिथून सुटून फुप्फुसात जाते. एकच पाय सुजला तर पोटरी चोळू नका. आपल्याकडे तेल लावून चोळायची हौस दांडगी!

– दोन अस्थिरोगतज्ज्ञ, ठाणे (प.)