काका, तो ॲडॅप्टर मीच लावला होता

ती. काकांना,
शि. सा. न.

हे सगळं तोंडी सांगायचं ठरवून मी गंजगोलाईत तुमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावर तीनदा आलो आणि तिन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत गेलो. आभाराचं काही काढलं की तुम्ही रेडिओचा आवाज वाढवता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. आता आवाज वाढवून सुटका नाही.

आधी कबुली. मामाच्या माळ्यावरचा तो काळा कॉम्प्युटर घेऊन आलो तेव्हा मी म्हणालो होतो, “असाच बंद सापडला.” थाप होती ती. डीबी स्पेक्ट्रम प्लस, इंग्लंडच्या सिंक्लेअरच्या परवान्यावर भारतात निघालेला. ४८ के मेमरी. मोबाइलच्या एका फोटोत असल्या पन्नासेक कॉम्प्युटरांची मेमरी मावेल. मूळ ॲडॅप्टर उंदरांनी कुरतडलेला होता. वायफायच्या डब्याचा ॲडॅप्टर ९ व्होल्टचाच निघाला, पिनही बसली, म्हणून लावला. या मशीनला पिनेच्या आत मायनस लागतो आणि बाहेर प्लस, म्हणजे हल्लीच्या बहुतेक ॲडॅप्टरच्या नेमकं उलट. हे मला कळेपर्यंत टिक्‌ असा आवाज आणि करपट वास दोन्ही येऊन गेले होते.

तुम्ही कव्हर उघडलंत, बोर्डाला नाक लावलंत आणि म्हणालात, “मेलेलं न्हाई हे. कुणीतरी मारलंय.” मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो.

तोवर तुम्ही एकही कॉम्प्युटर उघडलेला नव्हता. मी मात्र व्हिडिओ बघून पंडित झालेलो. ४११६ नंबरच्या आठ मेमरी चिप मागवून तयार होतो, आणि जमलं तर सगळे कंडेन्सरही बदलायचे होते. “गडबड कशाला करायलास? आधी सप्लाय बघ की.” या चिपला एक नाही, तीन सप्लाय लागतात. तुम्ही मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला धरलात आणि लाल एकेका पायावर टेकवत गेलात. नवव्या पायावर ५ व्होल्ट, बरोबर. आठव्यावर १२ हवेत, तिथं निम्म्याच्या आसपास. पहिल्यावर उणे ५ हवेत, तिथं शून्य.

मग तुमचं लक्ष त्या छोट्या कॉइलकडे गेलं आणि शेजारच्या ट्रान्झिस्टरकडे. “आरं, हे तर आपल्या टीव्हीचंच हाय की, बारकं!” खरंच होतं ते. ट्रान्झिस्टर कॉइलला भराभर चालू-बंद करतो आणि ९ व्होल्टांतून १२ आणि उणे ५ काढतो. टीव्हीच्या एलओटीत, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरात, तुम्ही जे वर्षानुवर्षं बघितलंत, तेच इथं बोटाच्या पेराएवढं. टीआर४ नावाचा तो ट्रान्झिस्टर गेलेला होता. नवा मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला, आणि तो येईपर्यंत तुम्ही मला एकाही चिपला हात लावू दिला नाहीत. तेव्हा राग आला होता. उणे ५ नसताना ही चिप तापून मरते, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री माझ्या मनासारखं झालं असतं, तर नव्या आठही चिप जुन्यांच्याच वाटेनं गेल्या असत्या.

ट्रान्झिस्टर बसवल्यावर सिरीज बल्ब, म्हणजे कुठं शॉर्ट असला तर करंट अडवणारा बल्ब, मध्ये लावून सप्लाय दिलात. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि मंद झाला. दुकानातल्या पोर्टेबल टीव्हीवर उभ्या रेघा आल्या. मी सांगितलं की एका बाइटचे आठ बिट आठ चिपमध्ये वाटलेले असतात. तुम्ही म्हणालात, “मंग मोज की.” काचेला नख लावून मोजलं, तर दर आठ टिंबांमागे दोन रेघा. म्हणजे दोन चिप गेलेल्या.

आणि मग ती सुई. पहिली चिप काढताना माझ्या शिसं ओढायच्या पंपानं बोर्डावरचा, पाय जिथं डागतात तो तांब्याचा पॅडच उखडून आला. तुम्ही काही बोलला नाहीत. तिथं केसाएवढी तार टाकून डाग दिलात आणि ड्रॉवरमधून इंजेक्शनची सुई काढलीत, टोक घासून सपाट केलेली. शिसं वितळलं की सुई पायावर घालायची, गोल फिरवायची, गार होईपर्यंत फिरवत राहायची. स्टीलला शिसं चिकटत नाही, त्यामुळे पाय मोकळा. दुसरी चिप मी काढली. सोळा पाय, वीस मिनिटं, एकही पॅड हलला नाही. पांढऱ्या पडद्यावर खाली ‘© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लि.’ ही ओळ उमटली तेव्हा मी ओरडलो, आणि शेजारचे कापडवाले पळत आले.

पुढचं वाढीव काम सोपं होतं. चित्र टीव्हीच्या अँटेनातून पाठवणाऱ्या मॉड्युलेटरला बगल देऊन थेट व्हिडिओची तार काढली, चित्र खूप स्वच्छ झालं. मागच्या कनेक्टरला एसडी कार्डाची जोडणी लावली. कॅसेटवरून जो प्रोग्राम चढायला पाच मिनिटं लागायची, तो आता डोळ्याची पापणी लवायच्या आत. तुम्हाला ते आवडलं नाही. “ह्यात काय मजा?” म्हणून तुम्ही मामाची कॅसेट मागितलीत.

ती आधी चढेचना. तुम्ही टेपच्या हेडचा स्क्रू हळूहळू फिरवत, डोळे मिटून ती किर्रकिर्र ऐकत राहिलात. आवाज बोथट होता, तो धारदार झाला. “आता लाव.” कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि पडद्यावर प्रोग्रामचं नाव आलं: दाजी. मामानं आमच्या बाबांना उसने दिलेल्या दीड हजारांचा हिशेब, महिन्यागणिक व्याज लावून! तुम्ही हसून हसून खुर्चीचा हात धरलात.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही रेडिओ लावलात, म्हणून इथंच लिहितो: सहा रविवार मला शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. आणि अजून एक सांगायचं राहिलं, ती सुई चुकून माझ्याच डब्यात आली आहे. येत्या रविवारी आणून देतो. बाबाही सोबत यायचं म्हणतायत. तुम्ही मामाला काही बोललात का, तेवढंच त्यांना विचारायचंय.

आपला,
वायफायचा ॲडॅप्टरवाला
लातूर