कोस्टा रिकाला निघण्याआधी वाचून ठेवा

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

सहलीचा छापील कार्यक्रम पाठवला, त्यावर बाबांचं उत्तर आलं, "सगळं व्यवस्थित दिसतंय." म्हणून हे लांबलचक पत्र. त्या कागदावर ठिकाणं आणि वेळा आहेत, पण कुठे किती पायऱ्या आहेत, कुठे चिखल आहे आणि काय सोडलं तरी फरक पडत नाही, यातलं काहीच नाही. वेळापत्रक सगळ्या गटाला एकच. ते आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पन्नाशीचा ठणठणीत माणूस असतो, आईचे गुडघे आणि बाबांची रक्तदाबाची गोळी नसते. तेव्हा कुठे जायचं आणि कुठे हॉटेलात चहा पीत बसायचं, हे इथूनच ठरवून जा.

आधी कागदपत्रं. अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा तुमच्या पासपोर्टवर असल्यामुळे कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा काढावा लागणार नाही. पण त्या व्हिसाची मुदत पुरेशी शिल्लक असावी लागते आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. ते छापून हाताशी ठेवा, फोनवर शोधत बसू नका. ह्यूस्टनला परत उतरताना पुन्हा इमिग्रेशन आहेच. तिथला अधिकारी भारतात कधी जाणार हे विचारेल, म्हणून मुंबईचं तिकीटही त्याच पाकिटात ठेवा. अमेरिकेसाठी काढलेला विमा तिकडे चालेलच असं नाही. मी वेगळी पॉलिसी काढली आहे, तिची प्रत दोघांच्या पिशव्यांत एकेक असू दे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांची मूळ औषधी नावं लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपनीची नावं तिथल्या औषधवाल्याला कळणार नाहीत. गोळ्या दुप्पट घ्या आणि सगळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.

जुलै म्हणजे तिथे पावसाळा, हे वाचून आई दचकली असेल. पॅसिफिकच्या बाजूला मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, पण तो बहुतेक दुपारी एक-दोननंतर कोसळतो आणि सकाळ कोरडी मिळते. जुलैत मध्येच काही दिवस उघडीपही होते. कॅरिबियन बाजूला मात्र पावसाला वेळकाळ नाही. मुद्दाम जुलै निवडला तो कासवांसाठी, त्याबद्दल पुढे लिहिते. देश विषुववृत्तापासून दहा अंशांवर, म्हणजे साधारण कोचीच्या अक्षांशावर आहे. सव्वापाचलाच उजाडतं आणि सहाच्या सुमारास अंधार पडतो. त्यामुळे दिवस पहाटेच सुरू होतो. पक्षी बघायला सहाला निघायचं असेल तर ती गाइडची हौस नसते, नऊनंतर पक्षी पानांआड जातात. घड्याळ ह्यूस्टनच्या एक तास मागे आणि भारताच्या साडेअकरा तास मागे. पुण्याला फोन करायचा तर तुमची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, हे लक्षात ठेवा.

राजधानी सान होसेमध्ये फक्त झोपायचं आहे. तिथून पोआस ज्वालामुखी आहे, २,७०८ मीटर उंच. त्याच्या विवरात हिरवट-निळं, तीव्र आम्लाचं तळं आहे. तिकीट ठराविक वेळेचं असतं, डोक्यावर हेल्मेट घालतात आणि कठड्यापाशी वीसेक मिनिटंच थांबू देतात, कारण वायूची पातळी वाढली की सगळ्यांना मागे हटवावं लागतं. २०१७च्या स्फोटानंतर हे उद्यान वर्षभराहून अधिक काळ बंद होतं आणि त्यानंतरही ते मधूनमधून बंद झालेलं आहे. तेव्हा जायला मिळालं तर मिळालं. नऊ-दहा वाजले की ढग विवर झाकून टाकतात, म्हणून पहिलीच वेळ मागून घेतली आहे. आई, तुला दम्याचा त्रास परत जाणवत असेल तर बसमधून उतरू नकोस. गंधकाचा वास नुसता उग्र नसतो, तो श्वासनळीला झोंबतो.

आता कॅरिबियन किनाऱ्यावरचं तोर्तुगेरो. या सगळ्या सहलीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा हीच. तिथे रस्ता जात नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत बस, मग तासाभराहून थोडा जास्त वेळ होडी. होडीत मोठी बॅग नेता येत नाही, साधारण दहा-बारा किलोंची मऊ पिशवी चालते. मोठ्या बॅगा बसमध्ये राहतात, म्हणून दोन दिवसांचे कपडे, औषधं आणि चार्जर आदल्या रात्रीच वेगळे काढा. होडीच्या कडेला बसलात तर अंगावर पाणी उडतं. पासपोर्ट आणि फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला.

जुलै ते ऑक्टोबर तिथल्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. वेळासला तुम्ही पिल्लं समुद्रात जाताना पाहिलीत, इथे आई बघायची आहे. ती शंभर-दीडशे किलोंची, पाठ जवळपास मीटरभर लांब. रात्री परवानाधारक स्थानिक गाइडबरोबर दहा-दहा जणांच्या गटातच जाता येतं. एक वेळ आठ ते दहा, दुसरी दहा ते बारा. आपली कोणती, हे तिथेच कळतं. कपडे गडद हवेत. पांढरा सदरा घालून गेलात तर बाबांना वाटेवरूनच परत पाठवतील. पायांत बंद बूट. फोन आणि कॅमेरा खोलीवरच ठेवायचा, कारण खिशातून चुकून पडलेल्या एका झोतानेही कासव अंडी न घालताच माघारी फिरतं.

आधी बराच वेळ काहीच घडत नाही. किनाऱ्यामागच्या वाटेवर अंधारात उभं राहायचं असतं. वाळूवर फिरणारे टेहळे कासव शोधतात आणि खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात झाली की मगच गटाला बोलावतात. एकदा अंडी पडू लागली की कासव सहसा उठून जात नाही. गाइड मागच्या बाजूने तांबडा दिवा धरतो. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, एकेका खेपेला दोन-दोन, तीन-तीन पडतात, शंभराच्या आसपास. मग ती मागच्या वल्ह्यांनी वाळू दाबते आणि पुढच्या वल्ह्यांनी उधळते. त्या वेळी दोन पावलं मागे सरा, नाहीतर वाळू थेट तोंडावर येते. खड्डा किती उबदार राहतो त्यावर पिल्लं नर निघणार की मादी हे ठरतं, ऊब जास्त असेल तर माद्या अधिक.

चालणं सगळं मऊ वाळूत आणि अंधारात आहे, ओंडके आडवे पडलेले असतात. आईच्या गुडघ्यांना वाळू जड जाईल, पण वेग कमी असतो आणि मध्ये थांबे पुष्कळ. काठी घेऊन जा. माझं मत विचाराल तर बाकी काहीही सोडा, हे सोडू नका. त्या समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे जाऊ मात्र नका, ओढ भयंकर आहे.

सकाळी कालव्यांतून होडीची फेरी असते. काठावर सेक्रोपियाची झाडं दिसतील. पोकळ खोड, पंज्यासारखी मोठी पानं, विरळ फांद्या. स्लॉथ, म्हणजे झाडांवर लटकून राहणारा तो अगदी संथ प्राणी, शोधायला गाइड आधी याच झाडांकडे बघतो, कारण पानं विरळ असल्यामुळे आत बसलेला दिसतो तरी. नुसत्या डोळ्यांना तो फांदीच्या बेचक्यात अडकलेला तपकिरी गोळा वाटतो. गाइडच्या तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून पाहिलं की केसांवर हिरवट झाक दिसते. ते शेवाळ असतं, केसांतच वाढतं. दिवसा हालचाल करणारा बहुधा तीनबोटी, आणि तोही साधारण आठवड्यातून एकदाच, शौचासाठी खाली उतरतो. फोनचा कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून फोटो निघतो. गाइडला सांगा, तो काढून देतो.

आरेनाल ज्वालामुखीकडे जाताना माहितीपत्रकातला लाल लाव्हाचा फोटो मनातून काढून टाका. २९ जुलै १९६८ला हा डोंगर शेकडो वर्षांच्या झोपेनंतर फुटला, पायथ्याची वस्ती गाडली गेली आणि २०१०पर्यंत तो धुमसत होता. आता शांत आहे. फोटो मात्र अजून जुनेच छापतात. ढग हटले तर सुबक शंकूसारखा डोंगर दिसेल, तोही बहुधा पहाटे. ला फोर्तुनाचा धबधबा सुमारे सत्तर मीटरचा आणि खाली जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या. उतरताना गुडघे दुखतात, चढताना धाप लागते. आई, वरच्या सज्जातून धबधबा छान दिसतो, तू तिथेच थांब.

गरम पाण्याच्या कुंडांवर मात्र जा. एकच काळजी घ्या. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात बाबांची गोळी, त्यामुळे झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं बसायचं, सगळ्यात गरम कुंड टाळायचं, कठड्यावर दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं, पाणी पीत राहायचं. झिपलाइनसाठी गाइड आग्रह करील. तारेवरून घसरणं सोपं असतं, पण दोन तारांमध्ये शिड्या आणि चढण असते, आणि पहिल्या काही तारांनंतर मध्येच सोडून परत येता येत नाही. बाबा, त्याऐवजी उघड्या पाळण्यांची ट्राम घ्या, तेच जंगल वरून दिसतं.

झुलत्या पुलांची वाट तीनेक किलोमीटरची आहे, सावकाश अडीच तास धरा. पूल हलतात. पायाखाली न बघता पलीकडच्या टोकाकडे बघत चालायचं आणि छत्री मिटून हात मोकळे ठेवायचे. जंगलातला एक नियम दोघांनीही पाळायचा, न बघता कशालाही हात लावायचा नाही. तोल गेला की झाडाला हात टेकवायची आपली सवय असते, पण तिथे खोडावर बंदुकीच्या गोळीचं नाव मिळालेली मुंगी असते, माडासारख्या काही झाडांना वीतभर काटे असतात आणि एक पिवळाधमक विषारी साप फांदीवर फुलासारखा गुंडाळून बसतो. वाटेवर पानांचे तुकडे वाहून नेणाऱ्या मुंग्यांची रांग दिसली तर वाकून बघा. एखाद्या पानावर आणखी एक बारकी मुंगी बसलेली असते, ती परोपजीवी माश्या हाकलते. पानं त्या खात नाहीत, वारुळात त्यांच्यावर बुरशीची शेती करतात.

आरेनालहून मोंतेवेर्देला तळं होडीने ओलांडून जायचं, नंतर खडबडीत घाट. ज्याला गाडी लागते त्याने, म्हणजे आईने, पुढच्या सीटवर बसावं आणि अॅवोमिन तासभर आधी घ्यावी, रस्ता सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. वर १,४०० मीटरच्या आसपास उंची, वारा आणि धुकं. कॅरिबियनवरून येणारा दमट वारा डोंगराला अडून वर चढतो आणि त्याचा ढग जंगलातूनच सरकतो, म्हणून पाऊस नसतानाही झाडं ठिबकत असतात. स्वेटर लागेल. या भागात १९५१मध्ये अलाबामाहून क्वेकर कुटुंबं येऊन राहिली. युद्ध नको म्हणणारी ती माणसं, आणि कोस्टा रिकाने १९४८मध्येच सैन्य मोडीत काढलं होतं. केत्साल पक्षी दिसेल याची खात्री जुलैत देता येत नाही, त्याचा विणीचा काळ संपत आलेला असतो.

पॅसिफिकला उतरताना तार्कोलेसच्या पुलावरून मगरी बघायला थांबतात. पदपथ अरुंद आहे, गाड्यांकडे लक्ष ठेवा. मानुएल आंतोनिओ हे किनाऱ्यावरचं राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असतं. दारावर पिशव्या तपासतात आणि खाऊ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आईने चिवडा हॉटेलातच ठेवावा. आतल्या माकडांना पिशवीची चेन उघडता येते. मुख्य वाट सपाट आहे, काही भाग लाकडी फळ्यांचा. उद्यानाच्या आतल्या किनाऱ्यावर पाणी शांत असतं, बाहेरच्या लांब किनाऱ्यावर आत ओढणारे प्रवाह असतात. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. वाळूच्या कडेला बारीक हिरव्या सफरचंदासारखी फळं लागलेलं मांसानियो नावाचं झाड दिसेल. फळ उचलू नका आणि पावसात त्याच्याखाली उभं राहू नका, त्याच्या चिकाने कातडीला फोड येतात.

जेवणाचं फार अवघड नाही. सकाळी भात-घेवड्याचा गाय्यो पिंतो, दुपारी कासादो, म्हणजे भात, घेवडा, तळलेलं केळं आणि कोशिंबीर असं ताट. पण नुसतं "शाकाहारी" म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाय आणि डुक्कर. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं तिन्ही म्हणा, आणि घेवडा डुकराच्या चरबीत, "मांतेका"त, शिजवलाय का ते गाइडला विचारायला सांगा. मेतकूट, खाकरे न्या, ताजी मिरची-फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिता येतं, पण तोर्तुगेरोत बाटलीचंच प्या. जेवणाच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, वर टीप देण्याची सक्ती नाही. गाइड आणि ड्रायव्हरला मात्र शेवटी वेगळे द्यायचे असतात, म्हणून एक, पाच, दहा आणि वीस डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या. फाटकी नोट कोणी घेत नाही.

जीन्स नेऊ नका, तिथे तीन दिवसांतही वाळत नाहीत. डास दिवसासुद्धा चावतात, डेंग्यू तिथेही आहे, तेव्हा तीस टक्के डीईईटीचं, म्हणजे डास दूर ठेवणाऱ्या औषधाचं, मलम आणा, आणि आधी सनस्क्रीन, मग ते, या क्रमाने लावा.

पहिल्या संध्याकाळी गट जमेल तेव्हा गाइडला बाजूला घेऊन गुडघे, रक्तदाब आणि शाकाहार एवढं सांगून टाका. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर होडीतली पुढची जागा आणि तळमजल्यावरची खोली दुसऱ्या कुणाला गेलेली असते. हेच स्पॅनिशमध्ये लिहून मी सोबत जोडते आहे, एक प्रत तुमच्या पाकिटात, एक त्याच्या हातात. अडीनडीला तिथला नंबर ९११च आहे.

तुमची,
मुक्ता