अनुदान जमिनीच्या मालकाला, मग कसणाऱ्याला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपच्या शेती अनुदानांवरचा कालचा अग्रलेख रात्रपाळीहून घरी आल्यावर वाचला आणि झोपायचे सोडून हे लिहायला बसले. 'हमीभावाच्या भानगडीत न पडता युरोप शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकतो, आपणही तेच करावे' हे तुमचे वाक्य मी तीनदा वाचले. कोणत्या शेतकऱ्याच्या खात्यात? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या, की जो पहाटे चिखलात उतरतो त्याच्या? एवढ्या लांबलचक लेखात हा प्रश्न एकदाही येऊ नये याचे मला फार वाईट वाटले.

मी मूळची कराडजवळची. 2002 पासून आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. नवरा इथलाच, रॉसकॉमन परगण्यातला, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. इथे जमिनीच्या वाटण्या सहसा करत नाहीत, ती एका मुलाकडे जाते. आमच्या घरात ती थोरल्याकडे गेली. म्हणून 2007 मध्ये आम्ही 45 एकर गवताळ जमीन खंडाने घेतली आणि दीडशे मेंढ्या आणल्या. करार अकरा महिन्यांचा. इथे त्याला 'कॉनेकर' म्हणतात. पुण्या-मुंबईत घर भाड्याने देताना अकराच महिन्यांचा करार का करतात हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. भाडेकरू कायमचा बसेल ही भीती इथल्या जमीनमालकालाही आहे.

आमचे मालक डब्लिनला राहायचे. 2000, 2001 आणि 2002 या तीन वर्षांत त्यांच्याकडे मेंढ्या होत्या. युरोपीय संघाचे तेव्हाचे कृषी आयुक्त फिशलर यांच्या 2003 च्या सुधारणेने अनुदान उत्पादनापासून तोडले, म्हणजे जनावरे किती, पीक किती यावर ते ठरेनासे झाले. आयर्लंडमध्ये ते 2005 पासून लागू झाले आणि त्या तीन वर्षांत कोणाला किती अनुदान मिळाले होते ते पाहून 'एन्टायटलमेंट', म्हणजे अनुदानाचे हक्क, वाटले गेले. मालकांनी पुढे मेंढ्या विकल्या. हक्क मात्र राहिले. आम्ही नवे, त्या तीन वर्षांचा कागद आमच्याकडे कुठून असणार? नव्या शेतकऱ्यांसाठी राष्ट्रीय राखीव हक्क होते, पण शेतीबाहेरच्या उत्पन्नाची अट होती आणि माझ्या पगारामुळे आम्ही त्यात बसलो नाही. तो पगार नसता तर मेंढ्या घ्यायला पैसे आले असते कुठून, हे विचारायची सोय नव्हती.

मग करार असा झाला की जमिनीबरोबर हक्कही भाड्याने घ्यायचे. मे महिन्यात अर्ज आम्ही भरायचा, नकाशावर प्रत्येक बांध आम्ही दाखवायचा, तपासणीला माणूस आला तर कामावरची रजा मी टाकायची, मेंढीच्या कानातला बिल्ला पडला तर दंड आमच्या नावावर. ऑक्टोबरात पहिला हप्ता आमच्या खात्यात यायचा आणि त्याच आठवड्यात जसाच्या तसा मालकांकडे जायचा. गवताचे भाडे वेगळे. सहा वर्षे हे असेच चालले. सरकारी नोंदीत पाहाल तर ते सगळे अनुदान आमच्या कुटुंबाला मिळालेले दिसेल. तुम्ही ज्या 'थेट खात्यात' या शब्दांवर एवढे भाळला आहात, ते हेच खाते.

मालक वाईट नव्हते. नियमच तसा होता, त्यांच्या जागी दुसरे कोणीही तेच करते.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे पत्र लिहिते आहे ती सांगते. ऑक्टोबर 2011 मध्ये युरोपीय आयोगाने पुढच्या सुधारणेचा मसुदा मांडला. त्यात लहान शेतकऱ्यांना, तरुणांना जास्त न्याय मिळेल असे म्हटले होते, तो वाचून आम्हाला आनंदच झाला होता. पण हक्कांचे वाटप नव्याने होणार, त्यासाठी नवे वर्ष धरले जाणार आणि त्या वर्षी ज्याच्या ताब्यात जमीन असेल त्याचा हिशेब होणार, अशी चर्चा गावोगाव सुरू झाली. जमीनमालक घाबरले. कायदा व्हायचा होता, वर्ष ठरायचे होते, तरी खंडाने दिलेल्या जमिनी परत घ्यायला सुरुवात झाली. आमचा करार 2013 च्या सुरुवातीला संपला आणि मालकांचा फोन आला की या वर्षी जमीन स्वतःकडेच ठेवतो, वकिलाने तसा सल्ला दिला आहे. मेंढ्या तेव्हा गाभण होत्या. आसपास जमीन मिळेना, कारण सगळेच मालक तेच करत होते. शेवटी गाभण मेंढ्या बाजारात न्याव्या लागल्या. लिलावाच्या कठड्याशी नवरा उभा होता आणि मी गाडीतच बसून राहिले, मला उतरवले नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये, युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद आयर्लंडकडे असताना, सुधारणेवर एकमत झाले, इथले कृषिमंत्री सायमन कोव्हनी यांचे सगळीकडे कौतुक झाले. आमच्या गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हते. सुधारणा यायच्या आधीच, ती येणार या नुसत्या बातमीने आमची शेती गेली होती.

आज नवऱ्याच्या आत्याकडून मिळालेली अठरा एकर जमीन आहे, तिच्यावर पन्नास मेंढ्या आहेत. इथे आता पहिल्या 30 हेक्टरांना थोडे जास्त अनुदान मिळते आणि जुन्या हिशेबाने कमी पडलेल्यांचे हक्क सरासरीच्या 85 टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. हे चांगलेच झाले, मी नाकारत नाही. पण ते होईपर्यंत किती वर्षे गेली!

तुम्ही युरोपच्या शेती-धोरणावरच्या 2021 ते 2027 साठीच्या सुमारे 387 अब्ज युरोंचा आकडा मोठ्या अभिमानाने दिला आहे. त्याच्या शेजारी हेही द्यायला हवे होते की थेट अनुदानाचा जवळपास 80 टक्के पैसा 20 टक्के लाभार्थ्यांकडे जातो. आणि 2005 ते 2020 या पंधरा वर्षांत युरोपीय संघातल्या शेतांची संख्या 1 कोटी 44 लाखांवरून 91 लाखांवर आली. इतका पैसा ओतूनही पन्नास लाखांहून जास्त शेते नाहीशी झाली, याचा विचार व्हायला नको का? मोठ्यांच्या अनुदानाला मर्यादा घालायचे बोलणेही नवे नाही. 2018 मध्ये आयोगाने 1 लाख युरोंची कमाल मर्यादा सुचवली, वाटाघाटींत ती घासत घासत ऐच्छिक झाली. जुलै 2025 च्या प्रस्तावात तीच 1 लाखाची मर्यादा पुन्हा आली आहे, आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे क्षेत्रावर मिळणारे अनुदान उशिरात उशिरा 2032 पर्यंत कायमचे बंद करायचे, असेही त्यात आहे. हे दुसरे कलम टिकले तर आमच्यासारख्यांना काही आशा आहे. पण यातूनही पुन्हा जमिनी ताब्यात घेण्याची धावपळ सुरू होईल, ही मला खरी धास्ती आहे. ज्याच्याकडे वकील आहे तो कलम छापून येण्याआधीच तयारीला लागतो.

आणि तुम्ही महाराष्ट्राला हे शिकायला सांगता! आपण ते कधीच शिकलो आहोत. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये ज्याच्या नावावर जमीन त्याला, त्यावर राज्याचे आणखी 6,000 तेही त्यालाच. माझ्या माहेरच्या घराशेजारचे कुटुंब तीस वर्षे दुसऱ्याचा ऊस वाट्याने करते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, म्हणून दोन्ही योजनांत ते शेतकरीच नाहीत. एकरी अनुदान वाढवायचे असेल तर आधी खंडाने आणि वाट्याने कसणाऱ्यांची नोंद करा, मालकाचा हक्क न बुडवता ती कशी करता येईल ते तज्ज्ञांना विचारा, त्यावर अग्रलेख लिहा. मी तो गावात सगळ्यांना पाठवीन.

एक गोष्ट राहिली. तुमच्या लेखात 'शेतकरी बांधव' चार वेळा आले आहे. आमच्या कळपाचा सरकारी क्रमांक नवऱ्याच्या नावावर आहे, कृषी खात्याची सगळी पत्रे त्याला येतात, आणि रात्री दोन वाजता अडलेल्या मेंढीच्या पोटात हात मी घालते, कारण माझा हात लहान आहे. आयर्लंडमध्ये शेत नावावर असलेल्यांत बायका जेमतेम 13 टक्के. आईने कराडला आयुष्यभर भांगलण केली, सातबाऱ्यावर तिचे नाव वडील गेल्यावर लागले. निदान वर्तमानपत्राने तरी आम्हाला शेतकरी म्हणावे.

पत्र लांबले आहे हे मला दिसते आहे. मागच्या वेळी माझे पत्र तुम्ही निम्मे करून छापले होते. या वेळी कापायचेच असेल तर आकडे कापा, 2013 चा परिच्छेद राहू द्या.

आपली,
एक वाचक
रॉसकॉमन, आयर्लंड (मूळ गाव कराडजवळ)