एकवीस, इप्पत्तोंदु आणि तुझा जर्मनचा क्लास

बीदर बसस्थानक,
31 डिसेंबर, रात्रीचे साडेदहा

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा गाडी भालकीच्या स्टँडवर लागली होती आणि दारात माणसांची ही गर्दी. तू म्हणालीस, "अण्णा, नवीन वर्षात एक काहीतरी सोडते. नोकरी, नाहीतर जर्मनचा क्लास." मी "रात्री बोलू" म्हणालो, आणि रात्री तू ड्यूटीवर गेलीस. आज माझी मुक्कामी गाडी आहे. ड्रायव्हर जेवून आडवे झालेत, म्हणून पॅडवर कागद ठेवून लिहायला बसलोय. फोनवर मला एवढं सलग बोलणं जमत नाही.

आधी हे ऐक की तू नापास झालेली नाहीस. जर्मनच्या बी-टू पातळीच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात, हे दिवाळीत ओसरीवर बसून तूच मला समजावलंस. तीन भाग तुझे निघाले. ऐकण्यात 54 पडले, तेवढा एकच भाग पुन्हा द्यायचा. आयसीयूतली बारा तासांची रात्र काढून, सकाळी आठला डोळ्यावर पाणी मारून मोबाइलवर क्लास लावणाऱ्या पोरीचे तीन भाग निघाले. मला तुझा अभिमान आहे, आणि तो तोंडावर कधी सांगता आला नाही म्हणून इथं लिहितोय.

आता माझी एक गोष्ट. तुझ्या आईलाही ती अर्धीच माहीत आहे.

मी 1998 ला कंडक्टर म्हणून लागलो आणि तीन वर्षांनी मला उदगीर-बीदर गाडी मिळाली. तुझ्या आज्जांच्या लहानपणी आपलं उदगीर, अहमदपूर हे सगळं बीदर जिल्ह्यातच होतं. 1956 ला भाषेवर राज्यं झाली तेव्हा बीदर तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो. उदगीरच्या माणसाला कन्नड निदान कानावरून गेलेली असते. मी अहमदपूरकडच्या खेड्यातला, मला गंधही नव्हता. म्हणून वही केली. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला कन्नड, सगळं देवनागरीत.

श्रावणातली एक संध्याकाळ. एक म्हातारी बाई कमलनगरच्या पुढच्या फाट्यावर उतरायची होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्याला फडकं बांधलेलं. लेक बाळंत झाली होती, तिच्यासाठी लाडू. फाटा आला की सांग, असं ती मला कन्नडमधून म्हणाली, आणि मला ते समजलं. त्याचाच आनंद इतका झाला की तिकिटं संपवून मी वही काढली आणि आणखी दहा शब्द पाठ करत बसलो. बाईचा डोळा लागला. फाटा मागं गेला. भालकीच्या स्टँडवर माणसं उतरायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. रात्र झालेली, परतीची गाडी नाही. मी एका जीपवाल्याला माझ्या खिशातले पैसे देऊन तिला बसवून दिलं. ती मला एक शब्द बोलली नाही. डबा छातीशी धरला आणि जीपमध्ये चढली. ते फडकं लाल काठाचं होतं, अजून डोळ्यांपुढं आहे.

त्या रात्री मला कन्नड सोडून द्यावी वाटली. मग कळलं की कन्नडचा काही दोष नव्हता, वहीची वेळ चुकली होती. दुसऱ्या दिवसापासून वही पिशवीच्या तळाशी गेली. ड्यूटीवर फक्त कान उघडे. जे वाक्य कानावर पडलं आणि कळलं नाही, तेवढं एकच लक्षात ठेवायचं आणि मुक्कामाला बीदरच्या स्टँडवरच्या चहावाल्या मामांना विचारायचं. दिवसाला एक वाक्य. "एल्लिगे होगबेकु?" म्हणजे कुठं जायचं? "चिल्लरे इल्ला" म्हणजे चिल्लर नाही. हे ऐकून मी हरखलोच होतो. आपण रोज ओरडतो तोच शब्द त्यांचाही! पुढच्या श्रावणापर्यंत मी भांडणंही कन्नडमधून सोडवायला लागलो.

आकड्यांनी मात्र फार छळलं. आपण एकवीस म्हणतो, एक आधी, वीस मागून. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, वीस आधी, एक मागून. एकवीस रुपयांचं तिकीट फाडताना जीभ अडायची. आणि दिवाळीत तू जर्मन आकडे म्हणत होतीस तेव्हा मी चमकलो. "आइन-उंड-त्स्वान्त्सिश". एक आणि वीस. अगं, हे तर आपलं एकवीस! तू मात्र "ट्वेंटी वन, आता उलटं" असं पुटपुटत होतीस. मला वाटतं ऐकण्याचे मार्क तिथंच गेलेत. बोलणारा पुढं निघून जातो आणि तू अजून इंग्रजीतून उलटं करत बसतेस. चोवीसला "फिअर-उंड-त्स्वान्त्सिश", चार आधी. सरळ मराठीतून ऐक. उद्या नर्स म्हणून जर्मनीत गेलीस आणि तिथल्या वॉर्डात कुणी औषधाचा आकडा सांगितला तर 24 चे 42 होऊन चालणार नाहीत.

बाकीही किती जवळचं आहे बघ. त्यांचं डेर, डी, दास म्हणजे आपलं तो, ती, ते. जुळतं प्रत्येक ठिकाणी असं नाही, पण "दास किंट" म्हणजे ते लेकरू, हे तुला पाठ करावं लागलं का? आणि ते वाक्य, जे तू तीनदा म्हणालीस, "वाइल इश म्यूडे बिन". कारण मी दमलेली आहे. शब्दाला शब्द, आपल्याच क्रमानं. त्या वेळी मी हसलो होतो. आज ते वाक्य आठवून जीव कळवळतो, कारण तू खरंच दमलेली आहेस.

आणि का दमलीस तेही मला माहीत आहे. तुझी नेमून दिलेली ड्यूटी तुला जड नाही. वर ज्या जादा ड्यूट्या घेतेस, घरी दरमहा पाच हजार पाठवायला, त्या तुला खातायत. मला हे आधी दिसायला हवं होतं. जानेवारीपासून पैसे पाठवू नकोस. दादाची फी मी बघतो, पतपेढीतून कर्ज मिळतं मला. परीक्षा होईपर्यंत एकही जादा ड्यूटी घ्यायची नाही, हे माझं सांगणं समज. इन्चार्ज सिस्टरना परीक्षेच्या महिन्यात दिवसपाळी लावायची विनंती आत्ताच लेखी देऊन ठेव, ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

रात्रपाळी करून आलीस की क्लास लावू नको, झोप. बाईंना सांगून रेकॉर्डिंग माग. वॉर्डात वही नाही, मोबाइल नाही, कानात काही नाही. तिथं पेशंट. हॉस्पिटलच्या बसमध्ये जाता-येता वीस मिनिटं मिळतात, त्यात फक्त ऐकायचं. एकच तुकडा आठवडाभर ऐकलास तरी चालेल.

2024 मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी तिकडं कामाला माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून गावात जो तो विचारतो, पोरगी कधी जाणार? मी सांगतो, भाषा झाली की. तूही एवढंच सांग.

पहाटे सव्वापाचला गाडी काढायची आहे. बाहेर कुणीतरी फटाके उडवतंय, बारा वाजले वाटतं. रविवारी तुला सुट्टी आहे, तेव्हा फोन कर आणि एकवीसपासून तीसपर्यंत जर्मनमध्ये म्हण. मी इकडून कन्नडमध्ये म्हणतो. आईला मधे बसवू, ती मराठीत मोजेल.

तुझे
अण्णा