घुमट कोसळत नाही, उडतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी मंगळावरची गोष्ट दोनदा वाचली. माणसं जमली आहेत, विशेषतः ती कुरकुरी डॉक्टरबाई. त्यांच्या वस्तीवरचा हवाबंद घुमट जमलेला नाही. पण आधी टॉम गॉडविनच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’वरून भांडून घेते, कारण तुझ्या घुमटाचं मूळ तिथेच आहे.

१९५४ची कथा. दूरच्या ग्रहावर तापाने पडलेल्या सहा माणसांसाठी औषध नेणारं छोटं यान, आणि भावाला भेटायला त्याच्या कपाटात लपलेली अठरा वर्षांची मुलगी. इंधन मोजून दिलेलं, तिचं वजन जास्तीचं, म्हणून तिला यानाबाहेर, अवकाशात जावं लागतं. तू लिहितेस, गणितापुढे इलाज नसतो. अगं, पण गणित केलंय कुठे? थेंब थेंब इंधन मोजणारे लोक उड्डाणाआधी कपाट उघडून बघत नाहीत. यानाच्या दाराला कुलूप नाही, नुसती ‘आत येऊ नये’ची पाटी. राखीव इंधन शून्य. असं यान कुठला अभियंता पास करील? आणि कपाटाचं दार, खुर्ची उचकटून फेकता येईल का, हा विचार कुणाच्या मनातही येत नाही. संपादक कॅम्पबेल यांनी कथा तीनदा परत पाठवली म्हणे, कारण गॉडविन दर वेळी मुलीला वाचवत होते. थोडक्यात, बेरीज आधी लिहिली आणि आकडे मागून बसवले.

असिमोव्ह यांची ‘द मार्शियन वे’ (१९५२) बघ. मंगळावरच्या वस्तीला पाणी पृथ्वीवरून येतं, यान पुढे ढकलायला मागे फेकतात तेही पाणीच. पृथ्वीवरचा एक पुढारी ‘आपलं पाणी संपतंय’ अशी हाकाटी पिटतो. मग वस्तीतले लोक शनीच्या कड्यांपर्यंत जातात, बर्फाच्या प्रचंड तुकड्यात यानं रुतवतात आणि तोच बर्फ, इंधनासारखा जाळून नव्हे, मागे फेकत फेकत, उरलेला घरी आणतात. मंगळावर जमिनीखाली बर्फ आहे हे आता माहीत आहे. २००८मध्ये ‘फिनिक्स’ यानाला तो काही सेंटिमीटरवरच सापडला. म्हणजे कथेचा पायाच गेला. तरी मी ती वर ठेवीन, कारण पाणी कुठून येतं, कशात खर्च होतं आणि कुणाच्या मतांसाठी अडतं, हे तिच्यात चोख आहे. रे ब्रॅडबरींच्या कथांतल्या मंगळावर माणसं खुशाल श्वास घेतात, पण ते हिशेबाचा आव आणत नाहीत, म्हणून त्यांना सोडून दे.

आता तुझा घुमट. इथेही बेरीज आधी: गोष्टीला हवं म्हणून वादळात तो ‘कोसळतो’. मंगळावरची हवा इतकी विरळ की ताशी १०० किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या १३ किलोमीटरच्या झुळकेइतकाच जोर लावतो. साडी वाळेल, घुमट पडणार नाही. खरी भीती उलटी आहे. आत पृथ्वीच्या निम्मा दाब ठेवलास तरी दर चौरस मीटरला सुमारे ५ टन जोर बाहेरच्या दिशेने. म्हणजे घुमट पायासकट उखडू बघतो. नुसत्या मातीच्या भाराने दाबून धरायचा तर तिथलं गुरुत्व ३८ टक्केच, माती साधारण ९ मीटर जाड लागेल. म्हणून नांगर खोल रोवायचे, आणि फाटायचंच तर जोडाशी फाटू दे, जिथे रबरी पट्टी थंडीने कडक होते.

वादळ मात्र गोष्टीतून वगळू नकोस. धूळ ऊन अडवते, म्हणजे वीज जाते, आणि विजेवर ऑक्सिजन बनवणारं यंत्रही थांबतं. २०१८च्या वादळात सौरऊर्जेवरचा ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर कायमचा गप्प झाला. तुझ्या चार माणसांना रोज साडेतीन किलोच्या आत-बाहेर ऑक्सिजन लागतो, आणि ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरवरच्या, मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या ‘मॉक्सी’ यंत्राने १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम बनवला. एका माणसाचे जेमतेम साडेतीन तास!

बटाट्यांसाठी माती आधी धुवायला लाव. तिच्यात परक्लोरेट नावाचा विषारी क्षार असतो, तो पाण्यात विरघळतो; मग ते पाणी शुद्ध करायचं काम वाढतं. खतही बेतानं घाल. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या बंद प्रयोगघरात १९९१ ते ९३ आठ माणसं बंद होती. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५च्या आसपास आला. सकस मातीतले जिवाणू तो खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी काँक्रीट शोषत होतं. कुठे भोक नाही, स्फोट नाही, फक्त सगळ्यांना धाप लागते. हे सगळ्यात आधी तुझ्या डॉक्टरबाईच्या लक्षात येईल, आणि तिची कुरकूर कुणी मनावर घेणार नाही. चौथ्या पानापासून तसं लिहून बघ.

तुझी,
आई